त्यांचं ‘हाव’

मंगळवार, दिवेलागण. नांदेड

निलंग्याच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून जाऊ का, हे मी नवऱ्याला विचारलं होतं. चांगलं समोर उभं राहून. ते बुटाची लेस बांधत होते. म्हणाले, "हाव." जेवताना पुन्हा काढलं, तिथं खोली करून राहावं लागेल म्हटलं. तेव्हाही "हाव." मग मी संस्थेला होकार कळवला.

आज भोकरहून थोरल्या नणंद आल्या, आक्का. त्यांच्यासमोर हे म्हणतात, "मला कुठं विचारलं हिनं?"

"तुम्हीच हाव म्हणालात की!"

"हाव म्हंजी ऐकून राहिलो. जा म्हणलो का मी?"

आक्का हसल्या. "लहानपणापासून असंच हाय त्याचं. इतक्या वर्षांत तुला कळलं न्हाई?"

न्हाई कळलं. माझ्या माहेरी, लातूरला, हाव म्हणजे होच. मग आजवरचे सगळे हाव कसले होते? मला बघायला आले तेव्हा मुलगी पसंत आहे का, यालाही हे एवढंच म्हणाले होते. आई अजून कौतुकानं सांगते.

आक्का गेल्यावर जवळ आले. आवाज एकदम गोड. "उद्या संस्थेत फोन करून जमत न्हाई म्हणून सांग. सांगशील ना?"

मी मेथी निवडत होते. मान वर केली नाही.

"हाव."

आता बाहेर निवांत टीव्ही बघून राहिलेत. त्यांना वाटतंय, मी हो म्हणाले.