माळ्यावरचा काटा आणि इतर मालमत्ता

मी चंद्रशेखर बबन खोब्रागडे, वय वर्षे सत्तावन्न, मूळचा नागपूरचा, सध्या राहणार फेल्डहोवन, नेदरलँड्स, व्यवसाय मोजमाप विभागात इंजिनिअर, चित्त ठिकाणावर असताना, कोणाचाही आग्रह नसताना आणि तब्येत चांगली असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. तब्येतीचा उल्लेख मुद्दाम केला. गेल्या हिवाळ्यात मी हाच मजकूर लिहायला बसलो होतो, तेव्हा तब्येत धड नव्हती आणि चित्तही. तो कागद मी फाडून टाकला आहे. हाच खरा समजावा.

या देशात नोटरीसमोर केल्याशिवाय मृत्युपत्र उभे राहत नाही, हे मला माहीत आहे. माझी कन्या धम्मदीपा याचे डच करील आणि नोटरीबाई त्यातून त्यांच्या कामाचे तेवढे उचलतील. बाकीचे घरच्यांसाठी.

कलम १. राहते घर, मागची बाग आणि सायकलींची शेड माझी पत्नी सुहासिनी हिची. तिने घर विकून नागपूरला जायचे ठरवले, तर मुलीने डोळ्यांत पाणी आणून तिला अडवू नये. घरातल्या हवा खेळवणाऱ्या यंत्राचे बटण कायम तीनवर राहील. याचा खुलासा कलम ४ मध्ये आहे.

कलम २. बचत आणि पेन्शनमधून जे हाती येईल ते दोघींनी अर्धे अर्धे घ्यावे. यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. माळ्यावरचे पोलादी कपाट. त्यात माझी रायफल आहे, आणि शेजारच्या कप्प्यात मी घरी भरलेली काडतुसे. परवाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे, म्हणून किल्लीही माझ्या एकट्याकडे. कायदा असाच आहे आणि तो योग्य आहे. पण गेल्या नोव्हेंबरात मला कोरोना झाला, नाकाला ऑक्सिजन लागला, आणि दवाखान्यात पडल्या पडल्या माझ्या मनात एकच घोळत राहिले : मी गेलो तर सुहासिनीच्या डोक्यावर, माळ्यावर, जिला हात लावणेही गुन्हा ठरेल अशी वस्तू राहणार. तिलाही लागण झालेली, त्यामुळे भेट नाही. फोनवर मी तिला सांगितले, "कपाट उघडायला जाऊ नकोस."

ती म्हणाली, "मी खोकून खोकून अर्धी झालेय चंदू, मी कशाला कपाट उघडतेय? तू श्वास घे."

म्हणून आता स्पष्ट लिहितो. माझ्या मृत्यूनंतर कपाटाला कोणी हात लावू नये. आधी पोलिसांना आणि माझ्या नेमबाजी क्लबला कळवावे. धम्मदीपाने या वसंतात स्वतःचा परवाना मिळवला आहे. पोलिसांच्या परवानगीने रायफल तिच्या नावावर व्हावी. तोवर ती बंदुकांच्या दुकानदाराकडे ठेवायला द्यावी.

कलम ४. माळ्यावरचे टेबल, काडतुसे भरायचा प्रेस आणि बंदुकीची दारू तोलायचा काटा हेही धम्मदीपाला. हे तिला का, ते सांगायला हवे.

लोकांना वाटते, घरी काडतूस भरणारा माणूस ते जास्त जोरदार करतो. तसे नाही. मला प्रत्येक काडतूस आधीच्यासारखे हवे असते. पितळी कवच सारखे, दारू सारखी, गोळी सारख्याच खोलीवर बसवलेली. मग लांबच्या कागदावर पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या दिसतात. दिवसभर कंपनीत मी हेच करतो, फक्त तिथे मोजायची वस्तू डोळ्यांना दिसतही नाही. घरी यायचे आणि पुन्हा तेच करायचे, यात मला विश्रांती मिळते. सुहासिनीला हे कधीच पटले नाही.

दवाखान्यातून आल्यावर मला शब्द आठवेनासे झाले. ऑनलाइन मीटिंगमध्ये एकदा 'तापमान' या शब्दासाठी मी सगळ्यांना ताटकळत ठेवले. तरी फेब्रुवारीपासून थोडी थोडी काडतुसे भरली. मे महिन्यात क्लब उघडला तसा मी आणि माझा जुना मित्र टून तिथे गेलो. टून इथल्याच ब्राबांट प्रांतातला, निवृत्त शाळामास्तर. हा छंद मला त्याने लावला. पहिल्या गोळ्या जिथे हव्या तिथे. पुढची वर. तिच्या पुढची खाली. टूनने दुर्बिणीतून कागद पाहिला.

"चंद्रा, ही तूच भरलीस?"

"मीच."

"बाकीची उडवू नकोस."

त्याने सांगायची गरज नव्हती. एक काडतूस वेगळे निघाले की उरलेल्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला नियम. आज नेम चुकला, उद्या नळी फुटेल, आणि शेजारी टून उभा असेल. घरी येऊन सगळी सोडवली. दारू कुठे जास्त, कुठे कमी. काटा खाली जेवणाच्या टेबलावर नेऊन, वजने ठेवून तपासला, तो बरोबर होता. मग उरलो मीच. माझे हात, माझे डोके. ज्याची रोजीरोटी मोजमापावर, त्याला चिमूटभर दारू सारखी तोलता येईना.

जेवताना मी म्हणालो, "उद्या परवाना परत करतो. ऑफिसातही सांगून टाकतो."

सुहासिनीने पोळी लाटता लाटता माझ्याकडे पाहिले. तिला ती रायफल घरात कधीच नको होती. होय म्हणायला तिला सोपे होते. ती म्हणाली, "परत करायचा तर कर. मी पेढे वाटीन. पण हातांना नावं ठेवू नकोस. काल माझी सुई तूच ओवून दिलीस ना? मला दिसेना, धम्मूला जमेना, तू एका झटक्यात ओवलीस."

धम्मदीपा उठली आणि माळ्यावर गेली. थोड्या वेळाने वरून हाक आली. मी गेलो, तर ती काट्यासमोर हनुवटी टेकून बसलेली. टेबलावर टिश्यूचा एक तुकडा होता आणि तो हलत होता.

"बाबा, इट्स नॉट यू. लुक."

आम्हाला कोरोना झाल्यापासून सुहासिनीने हवा खेळवणारे यंत्र तीनवर, म्हणजे पूर्ण वेगावर, ठेवलेले. सरकारने सांगितले होते, घरात हवा खेळती ठेवा. खिडकीवरची झडपही तिने उघडली होती, नेमकी माझ्या टेबलाच्या वर. त्या झुळकेने काट्याची तबकडी कधी दबत होती, कधी उचलली जात होती. धम्मदीपाने झडप लावली, खाली जाऊन बटण एकवर आणले. आकडा थांबला. मी तीच चिमूट पुन्हा पुन्हा तोलली. तोच आकडा.

मी खुर्चीत बसलो आणि हसत सुटलो. धम्मदीपाला वाटले मला खोकल्याची उबळ आली, ती पाणी आणायला धावली. सुहासिनी वर आली, ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे चूक माझी?"

"तू घरात हवा आणलीस, त्यात चूक कसली?" मी म्हणालो. "मीच काट्यावर झाकण ठेवायला हवं होतं."

आता काट्यावर पारदर्शक पेटी आहे आणि बटण पुन्हा तीनवर. मोजणाऱ्याच्या आधी खोली तपासायची, हे माझ्या लेकीला सुचले, मला नाही. म्हणून टेबल तिचे.

कलम ५. माझा मेहुणा शैलेंद्र, राहणार ब्रेडा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात, भरल्या सभागृहात, पंचशील म्हणून झाल्याबरोबर याने मला विचारले होते, "भावजी, प्राणिहिंसा करणार नाही म्हणता आणि घरात रायफल?" मी आजवर कागदाखेरीज कशावरही नेम धरलेला नाही. ते मी त्याला तिथेच सांगितले, तो हसला, आणि आम्ही सहा वर्षे बोललो नाही. मी दवाखान्यात असताना हाच शैलेंद्र दर रविवारी ब्रेडाहून यायचा, आत येणे मना म्हणून आमच्या बागेत थंडीत खुर्ची टाकून बसायचा आणि काचेपलीकडून बहिणीशी बोलायचा. तेव्हा माझे भांडण संपले. त्याला माझी दुर्बीण द्यावी. तिच्यातून त्याने एकदा क्लबवर बघावे, आम्ही कशाला मारतो ते.

कलम ६. माझ्या शेवटच्या वंदनेला भाषणे नकोत. सुहासिनीने निळी साडी नेसावी, पांढरी नको.

वरील सर्व मी स्वहस्ते लिहिले, वाचले आणि मला मान्य आहे. साक्षीदारांनी बागेत, अंतर राखून, एकाच पेनाने, पण ते पुसून घेऊन सह्या केल्या.

टूनने विचारले, "मला यातलं अक्षर वाचता येत नाही. कोण मरतंय?"

"कोणीच नाही."

"छान," म्हणत त्याने सही केली.

शैलेंद्रने मात्र सगळे वाचले आणि कलम ५ पाशी थांबला. धम्मदीपा म्हणाली, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, एक तर मामाची सही नाही, नाही तर दुर्बीण नाही. शैलेंद्रने चष्मा काढून पुसला.

"मग आत्ताच द्या ना, भावजी. शनिवारी मी मोकळा आहे."

सबब दुर्बीण आज दिली. कलम ५ रद्द.

साक्षीदार : १. शैलेंद्र रामटेके, ब्रेडा (सही)
२. टून फान डेन ह्यूवेल, फेल्डहोवन (सही)

चंद्रशेखर बबन खोब्रागडे (सही)
फेल्डहोवन, रविवार, १३ जून २०२१