लाकडी मुठीचा चाकू हातात देण्याबाबत

मी, छबुबाई आबासाहेब ढोबळे, वय सहासष्ट, धंदा शेती व दूध, राहणार कडा, तालुका आष्टी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. मी सांगते आहे आणि मोहनराव वकील लिहून घेत आहेत. मधूनच ते "हे कायद्यात बसत नाही, काकू" म्हणतात. बसवा, असे मी त्यांना सांगितले आहे.

कलम १. राहते घर आणि विहिरीकडची जमीन माझा मुलगा त्रिंबक याला. विहीर कोरडी आहे हे मलाही दिसते, तरी तीही त्यालाच. त्याने ती बुजवू नये. बहात्तरच्या दुष्काळातही शहाणे लोक बुजवायला निघाले होते, सासूबाई काठावर बसून राहिल्या म्हणून वाचली.

कलम २. बोरमाळ आणि पोस्टातली शिल्लक मुलगी सत्यभामा हिला. त्रिंबकने तोंड वाकडे करू नये. यंदा जनावरे छावणीत नेली तेव्हा सासरचा संसार टाकून तीच माझ्यासोबत पालात राहिली. त्रिंबक, तू तेव्हा फोनवर "आई, काळजी घे" म्हणत होतास.

कलम ३. दीर सुंदरराव यांना काही नाही. आम्ही बायकांची दूध संस्था काढायला निघालो तेव्हा भर चावडीत ते म्हणाले होते, "बाया दूध काढत्यात, संस्था काढत न्हाईत." नोंदणी अडावी म्हणून बीडपर्यंत खेटे घातले. आता ते अंथरुणाला खिळले आहेत. त्यांच्याकडे रोजचे दूध जाते ते माझ्यामागेही जात राहावे, पाणी न घालता.

कलम ४. माझा घडीचा चाकू. लाकडी मुठीचा. वकील म्हणाले, एवढ्याशा वस्तूला वेगळे कलम कशाला? खरे तर याच कलमासाठी मी त्यांना बोलावले आहे, आधीची तीन ओघाने आली.

संस्था सुरू झाली तेव्हा पेंडीच्या पोत्यांची सुतळी कापायला रोज चाकू लागायचा. विळा कमरेला खोचून हिंडता येत नाही. म्हणून मी आणि सिंधुबाई गावच्या बाजारात गेलो. सिंधुबाई भिमराव निकाळजे ही भीमनगरातली, बौद्ध समाजाची, आमच्या संस्थेत दूध मापणारी. मी चेअरमन. मला पितळी नक्षीचा चकचकीत चाकू आवडला. सिंधू म्हणाली, "आक्का, लग्नात मिरवायचाय का पोतं उघडायचंय? मिटून दाव आदी." मिटला तर पात्याचे टोक बाहेर डोकावत होते. कमरेच्या पिशवीत ठेवला असता तर माझ्याच पोटात गेला असता. मग तिने एकेक उघडून पाते आडवे हलवून पाहायला सुरुवात केली. चाकूवाला वैतागला. "घ्यायचा हाय का न्हाई बाई?" "घ्यायचा हाय म्हनूनच बगते," ती म्हणाली. शेवटी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दिसायला गरीब असा हा निघाला. चार बोटांचे पाते, साधे लोखंड. ओले राहिले तर गंजते, पण उंबऱ्याच्या दगडावर घासले की धार येते. नख सहज अडकते, उघडला की खट् करून बसतो आणि बोटावर मिटत नाही. त्रिंबक, नवा घेशील तेव्हा असा हातात घेऊन घे. मोबाईलवर फोटो बघून मागवू नकोस, फोटोतले पाते हलत नाही.

चाकू माझ्या पिशवीत असे. सिंधू हात पुढे करी, मी हातात देई, काम झाले की ती माझ्या हातात देई. असे दिवसातून कितीदा व्हायचे, कोण लक्षात ठेवतो? तिने मापलेले दूध नको म्हणून सुरुवातीला काही घरांनी किटल्या परत नेल्या. तेव्हा मी सभेत म्हणाले होते, "ज्याला तिच्या हातचं चालत न्हाई त्यानं आपल्या दुधाचं घरी दही लावावं." हे वाक्य मी पुढे प्रत्येक सत्काराला सांगितले. टाळ्या मलाच पडल्या, सिंधू मागे सतरंजीवर बसलेली असायची.

गेल्या महिन्यात नातवाची सोयरीक ठरवायला नवे सोयरे उत्तरेश्वरराव शेळके आपल्या माणसांसह आमच्या ओसरीवर बसले होते. सरबतासाठी लिंबे कापायची होती. मदतीला आलेल्या सिंधूने नेहमीसारखा हात पुढे केला. "आक्का, चाकू दे." सोयऱ्यांची नजर आमच्याकडे आहे असे मला वाटले. मी चाकू तिच्या हाताजवळ नेला आणि खाली फरशीवर ठेवला.

ती म्हणाली, "कावून गं?"

मी म्हणाले, "चाकू हातात देऊ नये, भांडण होतं." आपल्याकडे तसे म्हणतातच. म्हणून तर ते मला इतक्या पटकन सुचले.

"इतकी वरसं हातात देतीस," ती हळूच म्हणाली, "तवा न्हाई झालं भांडण?" आणि उठून गेली. चाकू तिने उचलला नाही.

लिंबे मी कापली. सरबत पिताना उत्तरेश्वरराव म्हणाले, "त्या बाई का गेल्या हो? तुमच्या बहीण का?" त्यांनी ना जात विचारली होती, ना काही पाहिले होते. मला कोणी भाग पाडले नव्हते. लहानपणी माझी आई अशीच खाली ठेवायची, पाणी, भाकरी, मजुरीसुद्धा. माझा हात तसाच वळला. मला लाज वाटते. जेवताना वाटते, चाकू दिसला की वाटते. मी तिच्या घरी जाऊन आले नाही. दोनदा निघाले आणि देवळाच्या वळणावरून गुडघ्याचे निमित्त करून परतले.

म्हणून लिहून ठेवते, की माझ्यामागे हा चाकू सिंधुबाईला मिळावा. दहाव्याच्या दिवशी, सगळे सोयरे बसलेले असताना, त्रिंबकने तो तिच्या हातात द्यावा. फरशीवर नाही, पाटावर नाही, मधल्या माणसाकरवी नाही. तिने हात पुढे केला नाही तर ती करेपर्यंत त्याने आपला हात तसाच धरून उभे राहावे.

पुरवणी, त्याच दिवशी. वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचून दाखवावा असे मी सांगितले. त्रिंबकने साक्षीला उत्तरेश्वररावांना आणले होते. सिंधुबाईला मीच निरोप धाडला होता. ती येईल असे वाटले नव्हते, पण आली आणि दाराशीच उभी राहिली. कलम ४ वाचून झाले. मग ती म्हणाली, "मेल्यावर? लेकाच्या हातानं? आन् तुझ्या हाताला काय झालंय छबाक्का?"

वकील कागद चाळत राहिले, उत्तरेश्वरराव माझ्याकडे पाहत होते. मी खुर्चीला धरून उठले, पिशवीतून चाकू काढला, दारापर्यंत गेले आणि तिच्या हातात दिला. तिने घेतला. उघडून अंगठ्याने धार पाहिली. "बोथट करून टाकलास," म्हणाली. माफ केले असे म्हणाली नाही. मीही मागितली नाही, तेवढी हिंमत झाली नाही.

सबब चाकू आता माझ्या मालकीचा राहिलेला नाही आणि कलम ४ मधील वाटणी रद्द समजावी. मात्र मजकूर खोडू नये, मुलांनी तो वाचावा. सिंधुबाईला या मृत्युपत्राने आता काहीच मिळत नसल्याने तिची साक्ष चालते, असे वकिलांनी सांगितले. देऊन झाल्यावर बरे वाटेल असे मला वाटले होते. वाटले नाही. घर, जमीन, माळ सगळे कोणाकोणाच्या नावे झाले. लाज तेवढी माझ्याच नावावर राहिली आहे, आणि ती राहू द्यावी.

लिहून ठेवणार: छबुबाई आबासाहेब ढोबळे (सही)

साक्षीदार:
१. सिंधुबाई भिमराव निकाळजे (सही)
२. उत्तरेश्वर गोविंदराव शेळके (सही)

लेखन: ॲड. मोहनराव, आष्टी
ठिकाण: कडा
दिनांक: २३ मे २०१९