रुअरीच्या लग्नाचं ट्वीड

टार्बर्ट, हॅरिस बेट
ता. ३ मार्च १९७८

ती. मार्सालीताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या रुअरीच्या लग्नातल्या चुणीदार किल्टच्या घागऱ्यांचं आणि जाकिटांचं कापड ठरलं, हे मला टपालवालीकडून कळावं? तुझी विहीण म्हणे तुला इनव्हर्नेसच्या दुकानात घेऊन गेली आणि दिव्याखालीच करडं लोकरी ट्वीड पसंत करून मोकळी झाली. आपल्यात कापड उजेडात, डोंगरासमोर धरल्याशिवाय कुणी हो म्हणतं का?

घरातल्या प्रत्येक नवरदेवाचं कापड माझ्या मागावर विणलं गेलं. तुझ्या नवऱ्याचंसुद्धा, आणि ते अजून टिकून आहे. रुअरी तर लहानपणी चार वर्षं माझ्याच घरी, मागाखाली खेळत वाढला. त्याच्यासाठी हिवाळाभर दगडफुलात लोकर उकळून तपकिरी रंगवली होती. आता तिच्याकडे बघवत नाही. मला तुझ्या विहिणीचा हेवा वाटतो, ताई. स्पष्टच लिहिते.

रागाव हवं तर, पण लोभ तोडू नकोस.
तुझी,
डॉलिना


इनव्हर्नेस
ता. १० एप्रिल

चि. डॉलिनास,
अनेक आशीर्वाद.

महिनाभर घुश्शात होते, म्हणून उत्तर नाही. टपालवालीला अर्धंच कळलं. ते कापड विहीणबाईंनी नाही, मी निवडलं. आणि तुला मुद्दामच विचारलं नाही.

छातीचं दुखणं बरं होऊन रुअरी तुझ्याकडून परत आला, तेव्हा सात वर्षांचा होता. माझी लापशी बाजूला सारायचा. मावशी असं मीठ घालत नाही म्हणायचा. आजही काही अडलं की पत्र तुला लिहितो. निदान लग्नाचे कपडे आईनं ठरवले, असं लोकांनी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. जळायचा मक्ता काय तू एकटीनंच घेतला आहेस?

आता हसून घे. किल्टचं कापड आधी घेतलं, जाकिटांचं नंतर, दुसऱ्या ताग्यातलं. दुकानात दोन्ही एकच वाटली. शिंप्याच्या अंगणात नेलं, तर जाकिटांचं हिरवट! किल्ट शिवून झालेत, लग्नाला सहा आठवडे उरलेत. किल्टचा तुकडा सोबत आहे. रुअरी आणि त्याचे दोन सोबती, अशा तिघांच्या जाकिटांपुरतं तसंच विणशील? विचारायची लाज वाटते आहे.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी,
मार्साली


टार्बर्ट
ता. २ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कापड काल बोटीवर चढवलं. तिन्ही जाकिटं त्या एकाच ताग्यातून बेतायला सांग. तुझी निवड चांगली आहे. हे लिहायला जिवावर आलं.

रंग जुळवताना तीनदा चुकले. एकदा तर मुद्दामच चुकावं, लग्नात तुझी फजिती व्हावी, असं मनात आलं. मग माग सोडून सरळ बटाटे लावायला गेले. तू माझ्यावर जळतेस, हे वाचून बरं वाटलं, त्याचीही लाज वाटली. तुझा मुलगा माझ्याकडे चार वर्षं राहिला. तुझं त्यात काय गेलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

विणणारणीचं नाव कुणाला सांगू नकोस. आईनं निवडलं म्हणू देत. खरंच आहे ते. मात्र रुअरीनं बाहीवरून हात फिरवून आपणहून ओळखलं, तर त्याच्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही.

आणि त्यानं ओळखावं, असं मला फार वाटतं. एवढ्यासाठी माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
डॉलिना