सात नंबरची बादली

प्रिय डावऱ्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच कपाटात टाकशील अशी मला दाट शंका होती, म्हणून पाकिटावर काहीच लिहिलं नाही. आता उघडलंच आहेस तर पुढे वाच. आपण चार वर्षं बोललो नाही, आणि ते कोणामुळे, हे मला कोणी सांगायला नको. पण बाबांच्या घड्याळाचा जाब विचारायला हे पत्र नाही. मी घरात बाग लावली आहे, त्या बागेत एक भानगड झाली आहे, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगावी हे मला कळत नाही.

बागेची हौस मला कधी होती? हॉस्पिटलच्या कपड्यांच्या स्टोअरमध्ये अठ्ठावीस वर्षं चादरी, अभ्रे आणि टॉवेल मोजण्यात गेली. खिडकीबाहेर झाड होतं की भिंत, तेही आठवत नाही. पण तुझ्या भावोजींचा छापखाना बंद पडला आणि माझ्या पेन्शनीवर दोघांचं भागवायची वेळ आली. एके दिवशी भाजीवालीनं कोथिंबिरीच्या चार काड्यांचा असा काही भाव सांगितला की मी जुडी तिथंच ठेवली आणि तरातरा घरी आले. ठरवलं, आपणच लावायचं. अट एकच, त्यासाठी काही विकत आणायचं नाही. गॅलरीत दुपारपर्यंत ऊन असतं, ते फुकट. धणे मसाल्याच्या डब्यातले, चपलेखाली रगडून दोन दोन फाकी केलेले. मेथीदाणे तिथलेच. पिचलेल्या टोमॅटोतल्या बिया राखेत घोळून वाळवल्या. पुदिन्याच्या काड्या ग्लासात उभ्या केल्या. माती पलीकडे पाया खणत होते तिथून, मुकादमाला रीतसर विचारून, पाच खेपांत आणली. कुंड्या म्हणून तेलाचे डबे, फुटका टब, कापलेल्या बाटल्या, आणि कडी तुटलेली आपली जुनी निळी बादली. प्रत्येकाच्या बुडाला मी कपड्यांवर घालायच्या न पुसणाऱ्या शाईनं नंबर घातला. हसू नकोस. शाई माझ्या पैशाची होती, हॉस्पिटलची नव्हे.

आणि बाग सगळी कुजली. मेथी बोटभर वर आली, पिवळी पडली आणि आडवी झाली. धणे तर मातीतच बुरसले. भावोजींनी एक डबा उचलून हलवला, आत पाणी डुचमळलं. त्यांनी विचारलं, खाली भोकं पाडली आहेस ना? मी पाडली नव्हती. कशी पाडणार? स्टोअरमध्ये भोक पडलेली वस्तू म्हणजे बाद वस्तू. ती यादीतून कमी करायची, वरच्यांची सही घ्यायची. चांगल्या धडक्या डब्यात खिळा मारायला माझा हातच उठेना. ते म्हणाले, ही बाग नाही, भांडार आहे, यातल्या रोपांना रजा मिळायची नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

मग भानगड सुरू झाली. सात नंबरची ती निळी बादली मी रिकामी करून, धुऊन, जिन्याच्या कठड्यावर वाळत ठेवली होती. संध्याकाळी बघते तर गायब. कडी तुटलेल्या बादलीवर कोणी डोळा ठेवावा, याचाच मला राग आला. तीन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर बादली उंबऱ्यासमोर उभी. तुटक्या कडीच्या जागी पिवळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची पीळ घातलेली नवी कडी. उलटी करून बघितली, तर बुडाला सात भोकं, तापल्या सुईनं पाडावीत तशी गोल आणि साफ. माझ्या शाईच्या आकड्याला मात्र एकही भोक लागलेलं नव्हतं. ज्यानं पाडली त्यानं तो आकडा वाचला होता आणि सांभाळला होता.

दुसऱ्या कोणी देवाचे आभार मानले असते. माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकट कोण काय करतं? पहिला संशय घरमालकावर. गॅलरीत बाग फोफावली की पाणी झिरपतं म्हणून बोट दाखवायचं आणि घर रिकामं करून घ्यायचं, हा डाव असणार. पण घरमालकाला सांधेदुखी आहे, तो वर्षभरात जिना चढलेला नाही. मग समोरच्या मास्तरीणबाई. त्या सारख्या माझ्या गॅलरीकडे बघतात. मी एक दिवस तोंडावर विचारलं, तेव्हा कळलं की त्यांचा मोतीबिंदू पिकलाय आणि त्यांना माझी गॅलरी सोडा, स्वतःचा चहाचा कपही नीट दिसत नाही. मग भावोजी. यांनीच गुपचूप पैसे मोजून बादली दुरुस्त करून आणली असं वाटून मी त्यांच्या शर्टाचे खिसे तपासले. जुन्या प्रुफांची एक घडी आणि एक लवंग निघाली. त्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते शर्ट काढताना खिसे स्वतःच बाहेर ओढून ठेवायला लागले. मला त्याची शरम वाटली, पण तपास थांबवण्याइतकी नाही.

वस्तू येतच राहिल्या. वाळक्या पाल्याचं एक पोतं आलं, त्याच्या तळाशी थोडा पाला आणि थोड्या भाजीच्या साली एकावर एक रचून ठेवलेल्या, असे थर द्यायचे हे हातवारे करून सांगावं तसं. फळांचं एक खोकं आलं, फळ्यांमधल्या फटी पट्ट्यांनी विणून बंद केलेल्या. एकदा तर फक्त गरम करून वापरायचं दाभण आलं, लाकडी मुठीचं, म्हणजे पुढची भोकं तूच पाड. पाडली. पहिलं भोक पाडताना मी चक्क डोळे मिटले. महिन्याभरात मेथी उभी राहिली, आणि कोथिंबीर अशी आली की मास्तरीणबाईंना वासावरून कळलं. मी खुडत होते, खात होते, आणि तरी संशय काही सोडत नव्हता. दाराबाहेर दोरा बांधला. पायरीवर खडूची भुकटी पसरली. भुकटीत ठसा उमटला तो दूधवाल्याचा.

उरला तळमजल्यावरचा शिंपी. त्याच्याशी माझं वाकडं होतंच, कारण माझ्या गॅलरीतलं पाणी त्याच्या छपरीवर ठिबकायचं आणि तो मान वर करून बघायचा. पण बोलायचा नाही, नुसता मिशीत हसायचा. तक्रारीची जागा असून जो तक्रार करत नाही, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं, हे मी अठ्ठावीस वर्षांत शिकले होते. एक दिवस तो भली मोठी पिशवी घेऊन जिन्यात दिसला. मी वाट अडवली आणि म्हटलं, दाखवा काय आहे त्यात. त्यानं शांतपणे पिशवी उघडली. कापडाच्या चिंध्या होत्या, मास्तरीणबाईंच्या गोधडीसाठी. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला वाटतं, कीव करून. आणि डावऱ्या, तसं बघणारा माणूस मी आयुष्यात एकदाच आधी पाहिला होता.

तो दिवस तुला मी सांगायला नको, पण मला एकदा लिहायलाच हवा. बाबा जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते. त्यांच्या कपाटाची यादी मीच केली होती, घड्याळापुढे मीच खूण केली होती, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ जागेवर नव्हतं. मधल्या वेळात कपाट उघडलं होतं ते तू, आत्याला पांघरूण द्यायला. बास, माझं गणित सुटलं. तू चोरलंस असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू निदान भांडला असतास. मी काय केलं, तर हॉस्पिटलच्या फाटकावर सुटीच्या वेळी आया-वॉर्डबॉयना जसं मी सांगायची, तसं सगळ्यांदेखत तुला सांगितलं की पिशवी ओत. तू ओतलीस. वेताच्या पट्ट्या, कातर, मेणाचा गोळा, दाभण, जेवणाचा रिकामा डबा. खुर्च्या विणणाऱ्या माणसाची सगळी मिळकत आत्याच्या पायांशी पडली होती. घड्याळ नव्हतं. तू एकेक वस्तू उचलून परत भरलीस, मेणाचा गोळा घरंगळत गेला होता तो पलंगाखाली वाकून काढलास, माझ्याकडे एकदा तसंच पाहिलंस, आणि गेलास. मी तेव्हाही मनात म्हणत होते की नक्की दुसरीकडे लपवलं असेल. अशी मी.

त्या रात्री मी जेवले नाही असं खोटं लिहिणार नाही. जेवले. झोपलेही. लाज मला फार सावकाश आली, वर्षा-दोन वर्षांनी, आणि तोवर तुझ्या दारी यायचं तोंड उरलं नव्हतं.

शिंप्याच्या त्या नजरेनंतर मी वर आले आणि बादलीपाशी बसले. पहिल्यांदाच मी कोण हा प्रश्न सोडून नुसतं काम बघितलं. चादरीची शिवण बघून ती कोणत्या वॉर्डातल्या कोणी उसवून पुन्हा घातली हे मी सांगायची, तुला ठाऊक आहे. मग ही कडी दोन महिने हातात धरून मी आंधळी कशी राहिले? दोन पेडांचा पीळ, आणि तो उलटा. सगळं जग ज्या बाजूला पीळ घालतं त्याच्या विरुद्ध. आई कामावर जायची आणि माझा हात मोडला होता ते वर्ष आठवतं? तू आठ वर्षांचा होतास आणि माझ्या वेण्या घालायचास. तिसरा पेड तुला कधी सांभाळता आला नाही, म्हणून दोन पेडांचा नुसता पीळ, आणि तो डाव्या हातानं, म्हणून उलटा. वर्गातल्या मुली हसायच्या. मी त्यांना म्हणायची, ही नवी तऱ्हा आहे, तुम्हाला नाही जमणार. वेणी शाळा सुटेपर्यंत कधी सुटली नाही.

तरी मी माझीच. खात्री करून घ्यायला कापड मापायचं निमित्त काढून शिंप्याच्या दुकानात गेले. त्याचं मशीनपुढचं स्टूल नव्यानं विणलेलं होतं, चारी कडांना तोच उलटा पीळ. मी स्टुलाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. मग तो मशीनवर वाकून म्हणाला की कारागीर चांगला आहे, फक्त वरच्या मजल्याची चौकशी जरा जास्त करतो. मी माप न देताच वर आले आणि गॅलरीत टोमॅटोच्या रोपांआड बसून रडले. भावोजींनी विचारलं काय झालं, तर कांदा म्हणून सांगितलं. गॅलरीत कांदा नाही, हे त्यांनी मनात ठेवलं.

आता हे पत्र का, ते सांगते. परवा गुरुवारी भर दुपारी जिन्यात पावलं वाजली. दर चौथ्या पायरीला थांबत, तुझ्या गुडघ्याची जुनी सवय. मी दाराच्या आत उभी होते, कडीवर हात होता. कान देऊन ऐकलं, तू काहीतरी खाली ठेवलंस, क्षणभर उभा राहिलास. दार उघडलं असतं तर समोरासमोर आलो असतो, आणि म्हणूनच उघडलं नाही. कारण ते तुला पकडणं झालं असतं, आणि माझं तुला एकदा सगळ्यांसमोर पकडून झालं आहे. तू उतरून गेल्यावर मगच मी दार उघडलं. घड्याळ अजून सापडलेलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर तुला वाटेल की ते मिळालं म्हणून ताईला उमाळा आला. नाही मिळालं. मी शोधत नाही. यादीतून ती ओळच खोडून टाकली, आणि खाली सही माझी. चुकले मी, धाकट्या. तू घेतलं नाहीस हे मला कशावरूनही सिद्ध करता येत नाही, आणि आता मला ते सिद्ध करायचंही नाही. हे पाकीट शिंप्याकडे देते आहे, न चिकटवता, त्यानं वाचलं तर वाचू दे. तू येशील तेव्हा दारावर टकटक कर. दाराला आतून कडी नसेल. तुझी पिशवी उंबऱ्यात जिथं वाटेल तिथं ठेव, मी तिच्याकडे बघणार नाही. मेथी खुडायला झाली आहे आणि माझ्या एकटीनं होत नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
ताई