आजेसासऱ्यांची तिथी

८ सप्टें., सोम.
दिराने मुंबईहून कागद पाठवले. सात पानं, इंग्रजी टाइप. आजेसासऱ्यांबरोबर कैदेत असलेल्या एका हवालदाराने युद्ध संपल्यावर दिलेली जबानी. आजेसासरे इंग्रजांच्या फौजेत; सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी त्यांना न्यू गिनी बेटावर हमालीला नेलं, एवढंच घरात माहीत. गेल्याची तारीख नाही, म्हणून आजवर श्राद्ध सर्वपित्रीला. अण्णा, माझे सासरे, तेव्हा आईच्या पोटात. आज कागद घट्ट धरून बसलेले. "माजे बापूस कसे गेले ता वाच गो. तू इंग्रजीची मास्तरीण." उद्या वाचते म्हटलं.

९, मंगळ.
स्टाफरूममध्ये वाचलं. पुढचा तास घेता आला नाही.
वरून अमेरिकन विमानांचे बाँब. कैद्यांना खंदकात उतरू देत नसत. एकदा कैदी खपत होते त्या धावपट्टीवरच बाँब पडला, तेव्हा माणसांचे तुकडे टोपल्यांत भरून पुरले. मग रसद तुटली. जपानी शिपाईही उपाशी. कैदी एकेक करून नेऊ लागले.
पान पाच. आजेसासऱ्यांचं नाव, मु. पो. नाते, ता. महाड. खाली तारीख. पाय सुजलेले, ओझं उचलेना, म्हणून बाजूला काढलं. झोपडीत नेऊन मांडीचं मांस कापलं. जिवंतपणी. ते आईला हाका मारत होते. मग मान तोडली. मांस शिजवलं, खाल्लं. हवालदाराने पाहिलं.

संध्या. अण्णांना सांगितलं, "तापाने गेले. झोपेतच."
"एवढ्या कागदांत एवढाच?"
बाकीचं सरकारी, म्हटलं. जीभ जराही चाचरली नाही, त्याचीच लाज वाटली.

११, गुरु.
भटजींनी तारखेवरून तिथी काढली. अष्टमी. मग विचारलं, "गेले कसे? घाताने गेले असतील तर तिथी कुठलीही असो, श्राद्ध चतुर्दशीला."
अण्णाच म्हणाले, "नाय नाय, तापानं. सुनेनं वाचलाय."
मी चहा ओतत राहिले. मला यातलं काही पटत नाही. अण्णांना पटतं. आणि माझ्या थापेपायी त्यांच्या बापाचा दिवस चुकणार.

१४, रवि. अष्टमी.
झालं. वडे, खीर, अळू. पान वाढताना अण्णा म्हणाले, "बापूस, पोटभर जेवा." मी वाढणं अर्धं टाकून मोरीत गेले.
नंतर ओट्यावर बसून म्हणाले, "आता सुटले गो ते."

१७, बुध.
दिराचा फोन. "सांगू नका वहिनी. म्हातारा जागेवर जाईल." मग कागद पाठवलेस कशाला, मेल्या? नको नको ते बोलले त्याला.
तो माणूस ओरडत मेला. एकाने ते ऐकलं, शपथेवर लिहून दिलं. आणि मी ते गिळून टाकलं. या वयात अण्णांना ते सोसेल का, कुणास ठाऊक. पण बाप त्यांचा आहे, माझा नाही.

१९, शुक्र.
उद्या चतुर्दशी. भटजींना परस्पर फोन केला. दहाला येतो म्हणाले. कारण विचारलं नाही.

२०, शनि. सकाळ.
भोपळा चिरत होते. अण्णा समोर येऊन बसले.
"परत कोनाचा शराद? आपल्यात घातानं कोन गेलाय?"
विळी बाजूला केली. कपाटातून सातही पानं आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कागदांना हात लावला नाही.
"वाच," म्हणाले.
चष्मा आणते म्हणून आत आले. साडेआठ वाजलेत. चष्मा डोळ्यांवरच आहे.