निळ्या नावेतली बाई

आसेगाव, ता. मंगरूळपीर
बुधवार, ४ डिसेंबर २०२४

चि. रूपास, तुह्या आईचा जय भीम.

आमी इकडे बरे आहोत, तुमी तिकडे बरे असानच. तूर शेंगांनी वाकली आहे. माहा गुडघा वाकत नाही, एवढाच फरक.

फोन सोडून कागद काहून, म्हणशीन. फोनवर तू रडते अन् ठेवून देते. कागद फाडता येते, पण आधी वाचा लागते. लिहून राह्यली आहे तुही वहिनी, करुणा. तिले सांगतलं, मी बोलतो तसंच लिही, वरून साखर पेरू नोको.

तर बड्डे. तू पाठवलेल्या त्या रंगीत पुस्तकावरूनच तुह्या पोट्टीचा, धम्मदीपाचा, पाचवा बड्डे करायचा, ही तुही फर्माईश पोचली. तू निळी साडी नेसून, मुकुट घालून राणी बनून येणार. शेवटच्या पानावर राणी आपल्या हरवलेल्या पोरीले नावेत बसवून घरी नेते, तवा तू तिच्या कानात सांगणार, मीच तुही आई. अन् घेऊन जाणार नाशिकले. दुसऱ्या लग्नाच्या वक्ती "पंधराच दिवस ठेव" म्हणून पोट्टी इथं टाकली, तिले तीन वर्सं झाले. आता तुह्या नवऱ्याले पाझर फुटला, बरं झालं.

भल्ली सुंदर गोष्ट आहे. पण ती मले आत्ता कळली, तुह्याच तोंडून. मले कुठं अक्षर येते? तू पुस्तक धाडलं, म्या चित्रं पाह्यले अन् गोष्ट सांगतली.

माह्या गोष्टीत दिवा घेऊन बसलेली खार हीच आई, तिच्यापाशीच घर. निळ्या नावेतली ती बाई लेकरं पळवणारी. गोड बोलते, खाऊ देते, हात धरते, अन् मंग चारी बाजूनं पाणीच पाणी. एकडाव पोट्टीनं विचारलं, "आजी, पण चित्रातली पोरगी हसून काहून राह्यली?" म्या म्हटलं, "भुरळ घातली तिले."

करुणा बारावी शिकलेली. चुलीपाशी बसून तीन वर्सं रोज ऐकत होती. पुस्तकात खरं काय लिहिलं, ते तिनं कधी वाचून दाखवलं नाही.

तयारी जोरात आहे. तुह्या भावानं, अश्वजितनं, सोयाबीनवरची निळी ताडपत्री धुतली, ती नदी. कुलरच्या खोक्याची नाव केली. करुणाले खारीची शेपूट लावायची आहे, ती नवा झाडू उसवून राह्यली. आधी त्रिसरण-पंचशील, मंग केक, मंग खीर. अन् शेवटी पुस्तकातलं पोट्टीच्या आवडीचं पान. माह्या गोष्टीत लेकरं त्या बाईवर चुलीतली राख फेकतात, तवा ती नाव घेऊन पळते. मोहल्ल्यातल्या साऱ्या लेकरांनी कागदाचे पुडे वळून ठेवले आहेत. राख म्याच चाळून देली, डोळ्यात खडा जायले नोको.

एकच अडचण होती. ती बाई बनायले कोणी तयार होईना. पोट्टी रोज विचारते, "आजी, ती खरंच येईन का?" म्या म्हटलं, "येईन ना. नाशिकहून निघालीच समज."

इथं करुणाचा हात थांबला. म्हणते, "आत्याबाई, हे नका लिहायले लावू. ननंद आहेत त्या माह्या."

म्या म्हटलं, "पोट्टी तुले आई म्हणते, तवा थांबवते का तू तिले?"

लिहिलं मंग तिनं.

पोट्टीले टाकून गेली त्या दिवशी मंगरूळच्या स्टँडवर तू खिडकीकडं बसली नाही. एसटी हलली तरी लेकरू हर एक खिडकीकडं हात करून राह्यलं होतं. एका परक्या बाईनं त्याले टाटा केला, तवा ते चूप झालं. ते चित्र कोण्या पुस्तकात नाही, म्हणून तुले सांगून ठेवलं.

तर इतवारी, पंधरा तारखेले, ये. नक्की ये. निळीच साडी नेस. दुसऱ्या रंगात आली तर लेकरू वळखणार नाही.

खाली आंगठा आहे तो माहाच. डबीतली शाई सुकली होती, म्हणून राख ओली करून उठवला.

धम्मदीपाची आजी,
वच्छला