पायाचे दगड

मस्कत

आई,
सप्रेम जयभीम. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. फोन केला की वहिनी लगेच स्पीकरवर टाकते, म्हणून हे पत्र.

विहाराच्या वर्धापनदिनाचा व्हिडिओ पाहिला. आपल्या कॉलनीची हकीकत दरवर्षी मी सांगायचे. यंदा माइक अश्विनीवहिनीच्या हातात! कोल्हारची ती, नगरला येऊन वर्षसुद्धा झालं नाही. टाळ्या मात्र लई पडल्या.

विहाराच्या पायाचे दगड बायांनी डोक्यावर वाहिले, हे मीही सांगायचे. पण त्यांत तू होतीस आणि मी तुझ्या पोटात होते, हे मला तिच्या तोंडून कळलं. मला का नाही गं सांगितलंस?

गुडघे फार दुखतात का? तेल तिच्याकडून चोळून घेऊ नकोस. मेमध्ये मी येतेय.

तुझी, त्या दगडांसोबत वाहिलेली,
रश्मी